नऊ नंबरचा ट्रॅक

भिंगांचं ते जड यंत्र तोंडावर घेऊन, नाक दाबलेलं, डावा डोळा झाकलेला, अशा अवस्थेत तो समोरच्या उजेडातली अक्षरं वाचत होता, आणि चौथ्या ओळीच्या मध्यावर असताना त्याच्या पाठीमागे त्याची बायको गुणगुणली. बायको चष्म्याच्या दुकानात आलेली नव्हती. ती घरी होती. आणि बरोबर आली असती तरी गुणगुणली नसती, कारण चार वर्षांपूर्वी गाठीबरोबर तिचं स्वरयंत्रच काढून टाकलं होतं, आणि तेव्हापासून शब्द तर सोडाच, साधा हुंकारही तिच्या तोंडून आलेला नव्हता. आवाज मागून आणि जरा वरून येत होता, दुकानाच्या बाहेरच्या भागात टांगलेल्या टीव्हीतून. त्याला मान वळवायची होती. "हलू नका काका," चष्मेवाली म्हणाली, आणि तिने खट् करून भिंग बदललं. "आता सांगा, हे स्पष्ट, की हे?" तो "हे" म्हणाला. कुठलं हे, ते त्याला माहीत नव्हतं. चाल त्याचीच होती, एकवीस वर्षांपूर्वीची, ती ओळखण्यात काही मोठेपणा नव्हता. पण आवाज त्याने चालीवरून ओळखलाच नाही. चौथ्या सुराच्या आधी एक छोटासा जादा श्वास होता, डबकं ओलांडण्याआधी माणूस पाऊल जरा आखडतं घेतो तसा. असा श्वास जगात एकच बाई घ्यायची. मग एका खणखणीत पुरुषाने सांगितलं की एक झाकण घाला आणि फरशी आरशासारखी चमकवा, आणि लगेच बातम्या लागल्या.

"काका, दुसरा डोळा राहिला," चष्मेवाली मागून म्हणत होती, पण तो फुटपाथवर आला होता. एकाच डोळ्याची तपासणी झालेली, त्यात औषधाचा थेंब घातलेला, त्यामुळे अर्धा रस्ता ठीक होता आणि अर्धा पसरट. त्याने एका बंद दुकानाच्या पायरीवर बूड टेकलं. साठीनंतर माणसाला भास होतात असं त्याने ऐकलं होतं, आणि हा भास असता तर त्याने आनंदाने मान्य केला असता, गोळ्या घेतल्या असत्या. पण आयुष्यभर कानांवर पोट भरलेल्या माणसाला कानांशी खोटं बोलता येत नाही. जाहिरातीचं त्याला माहीत होतं. सही त्यानेच केली होती. त्याच्या एका जुन्या गाण्याची चाल फरशी पुसायच्या द्रावणासाठी एका कंपनीने मागितली, तेव्हा पहिल्यांदा त्याने कलावंताला शोभेल असं नाक मुरडलं. मग बायकोने कागदावर लिहिलं, "दे. निदान ऐकतील तरी." तिचं म्हणणं बरोबर होतं; ते गाणं गेल्या दहा वर्षांत कुणी वाजवलं नव्हतं, तो स्वतः धरून. त्याने दिलं, आणि दिल्यावर मात्र ती जाहिरात बघायची नाही असं ठरवून टाकलं. पोरगी दिली की तिच्या सासरी उठसूट डोकावू नये, असं तो मित्रांना सांगत असे आणि स्वतःच्याच वाक्यावर खूश होत असे. जाहिरात कंपनीने तेरा दिवसांपूर्वी पाठवलेला मेल त्याने उघडलादेखील नव्हता. त्याने धरलंच होतं की त्यात गायिकेचा आवाज असणार. गाणं गायिकेने गायलं होतं. तिचं नाव होतं, तिचा फोटो होता, तिला पुष्पगुच्छ मिळाले होते. बायकोने गायली होती ती फक्त डमी.

डमी म्हणजे काय हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं, आणि सांगितलं की त्याला जरा विचित्र वाटतं. चाल बांधून झाली की ती गायकाला शिकवायची असते. गायकाला वेळ नसतो. म्हणून कुणीतरी ती आधी माइकवर गाऊन ठेवतं, शब्द आले नसले तर नुसतंच गुणगुणतं, आणि गायक हेडफोनमध्ये ते ऐकत वर आपला आवाज चढवतो. मग खालचा आवाज काढून टाकतात. इमारत उभी राहिल्यावर परांची कुणी ठेवत नाही. बावीस वर्षं त्याच्या सगळ्या चालींच्या डमी बायकोने गायल्या. सकाळची कामं उरकून हात पुसत ती आतल्या खोलीत यायची, उभ्याउभ्याच विचारायची, "कुठून धरू?", आणि दोनदा ऐकून तिसऱ्यांदा गायची. गॅसवर काही ठेवलं असेल तर एक कान तिकडे. गायिका नंतर दोन-दोन तास घ्यायच्या आणि त्यांना लिंबू घातलेलं गरम पाणी लागायचं. एका गायिकेने तर बायको जिथे जिथे थांबली होती तिथे तिथे थांबून गाणं गायलं, आणि मग मुलाखतीत सांगितलं की त्या जागा मला आतून सुचल्या. त्या दिवशी नवराबायको पोट धरून हसले होते. निदान तो तरी हसला होता. ती कितपत हसली होती हे आठवायला गेला तर पायरीवर बसल्याबसल्या त्याला ते नीट आठवेना.

त्याने जाहिरात कंपनीतल्या मुलीला फोन लावला. मुलगी म्हणजे असेल पस्तिशीची, पण आवाजाने मुलगी. "सर! बघितलीत शेवटी?" ती म्हणाली. "सगळे विचारतायत हो, आवाज कुणाचा म्हणून."

"तुम्ही गायिकेचा आवाज का नाही लावला?"

"सर, तो फार गुळगुळीत होता. आम्हाला घरातली बाई हवी होती, काम करता करता गुणगुणणारी. तुम्ही सगळे ट्रॅक वेगवेगळे पाठवलेत ना, त्यातला नऊ नंबरचा कुणीतरी सहज लावला, आणि खरं सांगते, खोलीतली बारा माणसं गप्प झाली. आमच्याकडे असं होत नाही सर. आमच्याकडे सगळे एकदम बोलतात."

"तो डमीचा ट्रॅक होता."

"असेल. पण तुम्हीच पाठवलात ना? आम्हाला वाटलं, मुद्दामच पाठवलात. कोण आहेत त्या?"

"माझी बायको."

"काय सांगता! मग पुढच्या जाहिरातीला त्यांनाच आणा ना. चारच ओळी. नाहीतर आम्ही घरी येतो, त्यांना त्रास नको."

त्याने फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला. समोरून एक माणूस पाठीवर शिडी घेऊन चालला होता आणि दर दहा पावलांनी थांबून मागे कुणाला लागली तर नाही ना बघत होता. "तिला आवाज नाही," तो म्हणाला. "म्हणजे होता. काढला. ऑपरेशन झालं चार वर्षांपूर्वी." मग मुलगी अगदी निराळ्या, लहान आवाजात म्हणाली, "सर, सॉरी. मला खरंच माहीत नव्हतं. त्यांना विचारलं होतं ना तुम्ही?" विचारलं नव्हतं. विचारायचं सुचलंच नव्हतं, कारण पाठवलं आहे हेच माहीत नव्हतं. कंपनीच्या फॉर्मवर एक रकाना होता, ध्वनिमुद्रणात भाग घेतलेल्या सर्वांची नावं. त्याने गायिकेचं लिहिलं, बासरीवाल्याचं लिहिलं, व्हायोलिनवाला वारला होता तर त्याच्या मुलाला फोन करून स्पेलिंग विचारून लिहिलं. चोख काम. डमीचं नाव कुणी लिहीत नाही. "बंद करा," तो म्हणाला, आणि स्वतःच्या आवाजातला करारीपणा ऐकून त्याला जरा धीर आला. "तिने ऐकायच्या आत बंद करा. गायिकेचा लावा." मुलगी नाही म्हणाली नाही. विचारून सांगते म्हणाली, दहा मिनिटांनी तिचा फोन आला. संध्याकाळी सहापासून बदलेल. "फार गोड होता हो सर," ती शेवटी म्हणाली, आणि मयताला गेलेल्या माणसासारखा हळूच फोन ठेवला.

घर वीस मिनिटांवर होतं. बसने चार. तो चालत निघाला, कारण बसमध्ये विचार करता येत नाही आणि त्याला सांगायची तयारी करायची होती. सांगायलाच हवं होतं. सहापर्यंत कुणी ना कुणी तिला सांगितलं असतं, किंवा सांगितलंही नसतं, आणि कधीतरी एखाद्या दुकानात उभी असताना तिच्या अंगावर तिचाच आवाज कोसळला असता, आत्ता त्याच्यावर कोसळला तसा. हा विचार आला की त्याचे पाय भरभर पडायचे आणि मग पुन्हा हळू व्हायचे. ऑपरेशनच्या आधी दवाखान्यातल्या सिस्टरने दोघांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, आवाज रेकॉर्ड करून ठेवा, बरेच लोक ठेवतात, पुढे बरं वाटतं. ज्याच्या घरात दोन माइक आणि भिंतींना फोम लावलेली खोली, त्याला हे परक्या बाईने सांगावं लागलं. आदल्या दिवशी त्याने माइक लावला. ती समोर उभी राहिली, नेहमीसारखी हात पुसत. "काय म्हणू?" तिने विचारलं. आवाज तेव्हाच घोगरा झाला होता, कडेला चिरलेला. मग म्हणाली, "आणि आता बरा बसतो का रे माइकला?" आणि हसली. तोही हसला. दोघं बराच वेळ हसत राहिली, मग चहा केला, मग बॅग भरायची होती, आणि रेकॉर्डिंग राहून गेलं. राहून गेलं असं तो लोकांना सांगायचा. राहून काही गेलं नव्हतं. तिच्या त्या प्रश्नाला उत्तर न देता माइकचं बटण दाबणं त्याला जमलं नाही, एवढंच.

कारण प्रश्न जुना होता. लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी, त्याची पहिली तीन गाणी व्हायची होती तेव्हा, तो तिला घेऊन स्टुडिओत गेला होता. मोठ्या रेकॉर्डिस्टच्या स्टुडिओत. ती गायली. काचेच्या पलीकडे ती, अलीकडे हे दोघं. रेकॉर्डिस्टने सिगारेट विझवली, एक बटण वर केलं, खाली केलं आणि म्हणाला, "वहिनींच्या आवाजात हवा फार आहे हो. माइकला बसत नाही." आणि त्याने मान डोलावली. बस्, एवढंच. त्याला तसं वाटलं होतं का? आज पस्तीस वर्षांनी, एक डोळा पसरट झालेला असताना, भर रस्त्यात त्याने स्वतःला हे पहिल्यांदा विचारलं, आणि उत्तर इतकं पटकन आलं की तो थबकला आणि मागून येणारी बाई त्याच्यावर आदळली. नव्हतं वाटलं. आवाज त्याला आवडला होता. पण तो नवखा होता, रेकॉर्डिस्ट मोठा होता, आणि बायकोसाठी भांडतो असं दिसलं तर आपलं हसं होईल, अशी त्याला भीती होती. मान तर मान, डोलावली. काचेतून तिने ती मान बघितली. आवाज आत जात नव्हता पण मान दिसत होती. ती बाहेर आली आणि म्हणाली, "जाऊ दे, मी डमी गात जाईन, तुझे तेवढेच वाचतील." लोकांत ती त्याला अहो म्हणायची आणि एकटे असले की तू. त्या दिवशी लोकांत तू म्हणाली. तो विषय पुन्हा तिने काढला नाही. एखादी बाई विषय काढत नाही म्हणजे विषय मिटला, असं समजणाऱ्या पुरुषांपैकी तो एक होता, आणि असे पुरुष पैशाला पासरी मिळतात.

आणि आता बारा माणसं गप्प झाली होती. हे त्याला राहून राहून आठवत होतं. बारा परकी माणसं, फरशीचं द्रावण विकायला बसलेली, त्यांना अर्ध्या मिनिटात कळलं. बावीस वर्षांच्या डमी त्याने स्वतःच्या हाताने काढून टाकल्या होत्या, कारण डिस्कवर जागा लागते आणि धंद्याचा रिवाज तसाच आहे. हा एक राहिला तो आळसामुळे. ट्रॅकच्या नावापुढे त्यानेच लिहिलं होतं, "डमी, काढणे". जगात तिचा उरलेला आवाज तेवढाच होता, तो त्याच्याच कपाटात चार वर्षं पडून होता आणि त्याने एकदाही लावून बघितला नव्हता; आहे हेच माहीत नव्हतं. त्याला भयंकर लाज वाटली. आणि त्या लाजेच्या आत, देव जाणे कुठून, चक्क अभिमान वाटला, की चाल इतकी चांगली आजवर कधी वाजली नव्हती. हा अभिमान इतका अवेळी आला की त्याने मान झटकली. आधी तिची माफी मागायची. जिना चढताना त्याने वाक्यं पक्की केली. लांबण लावायची नाही. चूक झाली म्हणायचं, निस्तरली म्हणायचं. ती चिडेल, दोन दिवस कागदाला हात लावणार नाही, मग होईल सगळं ठीक.

दार तिने उघडलं. गळ्यावरच्या छिद्रावर बांधायचा सुती रुमाल आज पिवळा होता, इस्त्रीचा. तिने भुवया उंचावून चष्म्याची खूण केली, झाला का? तो "एकच डोळा" म्हणाला, आणि बूट न काढता बाहेरच्या खोलीत जाऊन उभा राहिला. टीव्ही चालू होता, आवाज बारीक. दुपारचा एक वाजून गेला होता. ती त्याच्याकडे बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर असं काहीतरी होतं की एरवी त्याने विचारलं असतं, काय गं, काय झालं? पण त्याच्या तोंडात वाक्यं तयार होती आणि ती सांडायच्या बेतात होती.

"बस जरा," तो म्हणाला. "तुला एक सांगायचंय. रागावू नकोस. ती फरशीची जाहिरात आहे ना, तिच्यात तुझा आवाज गेलाय. चुकून गेला. मी सगळे ट्रॅक पाठवले, त्यात जुनी डमी राहिली होती, नऊ नंबरची, ती मी बघितलीच नाही. त्यांनी तीच लावली. मी तुला विचारायला हवं होतं, पण मला माहीतच नव्हतं गं. आईशप्पथ. आत्ता दुकानात ऐकलं आणि तसाच उठलो. पण मी बंद करायला लावलंय. सहापासून गायिकेचा आवाज लागेल. तुझा परत कुठेही येणार नाही. चुकून झालं सगळं."

दोन वेळा चुकून म्हणालो, हे त्याच्या लक्षात आलं. ती बसली नव्हती. ती उभीच होती आणि तिच्या चेहऱ्यावरचं ते काहीतरी जात चाललं होतं, घाई न करता, एकेक करून दिवे बंद करत माणूस घरातून निघतो तसं. मग तिने टीव्हीखालच्या वर्तमानपत्राच्या घडीतून एक कागद काढला आणि त्याच्या हातात दिला. औषधांच्या यादीसारखा दिसत होता. त्याने जुना चष्मा लावला. तिच्या बारीक अक्षरात तारखा होत्या, तेरा, आणि प्रत्येक तारखेपुढे वेळा. आठ दहा. आठ चाळीस. एक वीस. सात पंचावन्न. काही वेळांना खालून रेघ मारली होती. एका तारखेपुढे लिहिलं होतं, "ताईकडे, तिनेही ऐकलं, रडली." एका ठिकाणी, "भाजीच्या दुकानात. कुणाला सांगितलं नाही."

तिने कागद परत घेतला, उलटा केला, भिंतीला टेकवला आणि लिहिलं. लिहायला लागल्यापासून तिचं बोलणं तारेसारखं झालं होतं, लागेल तेवढंच.

"मला वाटलं तू लावलास."

त्याने ते वाचलं. चार वर्षांत पहिल्यांदाच घरात दोघांपैकी कुणालाच आवाज नव्हता. तिने खाली अजून लिहिलं, "रोज वाट बघत होते. आज सांगेल, उद्या सांगेल. इतक्या वर्षांनी तुला वाटलं, म्हणून गंमत करतोयस म्हटलं." गंमत हा शब्द लिहून तिने त्यावर एक आडवी रेघ मारली.

"मी फोन करतो," तो म्हणाला. "आत्ता करतो. तोच ठेवा म्हणतो. मला आवडला, खरंच आवडला गं, मला तेव्हाही आवडला होता, त्या स्टुडिओत, मी नुसती मान..." ती ऐकत होती. पूर्ण ऐकत होती, आणि तेच वाईट होतं. आपण म्हणतोय त्यातला शब्द न् शब्द खरा आहे, आणि तो खरा आहे हे तिला पटवायला जगात आता एकही मार्ग उरला नाही, हे त्याला बोलता बोलताच कळलं. पाच मिनिटं आधी तो गप्प बसला असता तरी चाललं असतं. नुसता "ऐकलंस का गं?" एवढं विचारलं असतं तरी पुरलं असतं. त्याने खिशातून फोन काढला. तिने त्याच्या मनगटावर हात ठेवला, रागाने नाही, पोराच्या हातातून कात्री काढून घेतात तसा, आणि मान हलवली. नको.

तेवढ्यात एक वीस झाले. दोघांनाही ते घड्याळाकडे न बघता कळलं, कारण टीव्हीवर एक बाई बादली घेऊन एका मोठ्या उजेडाच्या खोलीत आली, फरशीवर वाकली आणि गुणगुणायला लागली. आवाज बारीक होता तरी खोली भरून गेली. पहिल्यांदाच तो समोर उभा राहून नुसतं ऐकत होता, काच नाही, यंत्र नाही, मध्ये काही नाही. आवाजात हवा होती, खूप होती, आणि त्या हवेनेच तो जिवंत होता. त्याचे डोळे भरून आले, औषध घातलेलाही आणि न घातलेलाही. ती टीव्हीकडे बघत नव्हती. ती त्याच्याकडे बघत होती, आणि त्याला समजलं की गेले तेरा दिवस तिला हेच हवं होतं, ते ऐकताना त्याचं तोंड बघायला. आणि आता ते तिच्या समोर होतं, पण त्यातलं किती खरं, किती अपराधाचं, हे तिलाही सांगता येणार नव्हतं आणि त्यालाही. दुसरी ओळ सुरू झाली. तिने रिमोट उचलला.

"थांब," तो म्हणाला, "संपू तरी दे."

तिने टीव्ही बंद केला.